तुटलेल्या सुयांची वही

सुईचे तीन तुकडे झाले होते आणि सापडले होते दोनच. वरचा जाड दांडा मशीनमध्येच अडकून राहिला होता, मधला तुकडा मायाक्काच्या मांडीवर पडला होता, आणि टोक, असेल फार तर तीन मिलिमीटर, कुठं गेलं ते कुणालाच दिसलं नव्हतं. मायाक्कानं नियमाप्रमाणे पॅडलवरून पाय काढून घेतला, हात वर केला आणि ती तशीच बसून राहिली. शिलाईच्या त्या लांबट खोलीच्या दुसऱ्या टोकाला तपासणीच्या टेबलाशी सिद्धेश्वरी बसली होती. वर गेलेला हात तिला दिसला आणि ती वही घेऊन उठली. तुटलेल्या सुया तिला नव्या नव्हत्या. बावीस वर्षांच्या नोकरीत तिनं शेकडो सुया जुळवून पाहिल्या होत्या. तुकड्याला तुकडा लावायचा, सुई पुरी झाली की वहीत पारदर्शक पट्टीखाली चिकटवायची, बाजूला तारीख, वेळ, मशीनचा नंबर आणि आपली सही. जपानला जाणाऱ्या मालाचा हा पहिला नियम होता. सुई पुरी झाली नाही, तर त्या मशीनवर सकाळपासून शिवलेला सगळा माल अडकला. तो सगळा सुई शोधणाऱ्या यंत्रातून पुन्हा काढायचा, तोही दोनदा, एकदा उभा आणि एकदा आडवा, कारण टोक एका बाजूनं यंत्राला कळतं आणि दुसऱ्या बाजूनं कधीकधी निसटतं. त्या फेब्रुवारीतल्या मंगळवारी सव्वादहा वाजले होते, मायाक्काचे टॉवेल इतर तिघींच्या टॉवेलांत मिसळून अठराशेचा ढीग झाला होता, आणि दोन वाजता कंटेनरची गाडी निघायची होती.

दोघींनी मशीनखालची फरशी चुंबकानं झाडून काढली. मायाक्कानं पदर झटकला, निऱ्या झटकल्या, केस सोडून झाडले. तिचे ओठ हलत होते. सिद्धेश्वरी फरशीवर गाल टेकवून बघत होती, कारण लोखंडाची बारीक चमक वरून दिसत नाही, आडव्या नजरेला दिसते. हे तिला कुणी कारखान्यात शिकवलं नव्हतं. कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीला तिची आई, अक्कम्मा, अडत्याच्या गोदामात तूर निवडायला जायची आणि लहान सिद्धेश्वरीला बरोबर घेऊन जायची. आई सुपात डाळ पसरायची, सूप डोळ्यांच्या रेषेत धरायची आणि म्हणायची, नोडु, नोडु. बघ, बघ. खडा आणि डाळ एकाच रंगाची असली, तरी खड्याची सावली निराळी पडते. आई कानडीतून एवढंच बोलायची, दिवसभरात दुसरं काही नाही. गोदामातल्या त्या धुळकट पिवळ्या उजेडात बघायची सवय सिद्धेश्वरीच्या डोळ्यांत अशी मुरली, की लग्न होऊन सोलापूरला आल्यावर, अक्कलकोट रोडच्या या कारखान्यात नोकरी मागायला ती उभी राहिली तेव्हा मोठ्या साहेबांनी, म्हणजे मालकांनी, तिच्यासमोर टाकलेल्या टॉवेलात तिनं तुटलेला धागा, तेलाचा ठिपका आणि पाण्याचा डाग एका दमात दाखवला होता. पुढं तिला सात नंबर मिळाला. प्रत्येक पुड्यात तपासणाऱ्याच्या नंबराची चिठ्ठी जायची. बावीस वर्षं जपानात सोलापूरचे जे टॉवेल उघडले गेले, त्यातल्या कितीतरी टॉवेलांतून छोटा सात हा आकडा पडला असणार.

तिनं तो देश बघितला नव्हता, पण तो काय मागतो यावरून तिला तो थोडाथोडा कळत गेला होता. सुरुवातीला जाड, पांढरे, मोठे टॉवेल जायचे, हॉटेलांसाठी. मग खोक्यात बांधलेले छोटे टॉवेल आले, फिक्या रंगांचे. कुणी वारलं की शोक करायला आलेल्यांना परत भेट म्हणून ते देतात असं कळलं, तेव्हा त्या लॉटवर काम करताना बाया उगाच हळू बोलायच्या. मग टॉवेल पातळ झाले, लॉट लहान झाले, रंग करडे झाले. आणि त्या देशातून इकडं काय येतं तेही ती बघत होती. मागं धोटा धावणारे माग होते, त्यांच्या जागी हवेवर चालणारे माग आले, ते तिकडचे. सुई शोधणारं यंत्र तिकडचं. शिलाईची मशीनं तिकडची आणि त्यांच्या सुयाही तिकडच्याच, लहान निळ्या पाकिटात दहा-दहा. सुई तिकडून यायची, इथं तुटायची, आणि ती आपल्याच देशात टॉवेलातून परत जाऊ नये म्हणून सिद्धेश्वरीला पगार होता. हे तिला कधी विचित्र वाटलं नव्हतं. आज फरशीला गाल लावून पडली असताना वाटलं.

वही ठेवायला तिला ओगावा यांनी शिकवलं होतं. दोन हजार नऊ साली ते पहिल्यांदा आले. ठेंगणे, पन्नाशीचे, खरेदीदार कंपनीचे तपासनीस. बरोबर पुण्याची वैजयंती नावाची मुलगी होती, जपानी शिकलेली, ती सगळं मराठीतून सांगायची. ओगावांनी आल्याआल्या विचारलं की सात नंबर कोण. सिद्धेश्वरी घाबरली, काहीतरी चुकून गेलं असणार असं तिला वाटलं. त्यांनी तिच्याकडं बराच वेळ बघितलं, मान खाली घातली आणि कामाला लागले. टॉवेल कसा धरायचा, उजेडाकडं तोंड करून कसं बसायचं, तुटलेली सुई कशी जुळवायची, हे त्यांनी चार दिवस स्वतःच्या हातानं दाखवलं. त्यांची बोटं तपासनिसाची नव्हती. टॉवेलावरून ती मागावर बसणाऱ्याच्या बोटांसारखी फिरायची, आणि वस्तीतल्या तेलुगू विणकरांची बोटं तिनं बघितलेली असल्यानं तिला ते लगेच कळलं. पण तिनं विचारलं नाही. नऊ वर्षं ते दरसाल येत राहिले आणि तिनं विचारलं नाही. शेवटी दोन हजार अठराला, कॅन्टीनमध्ये ते शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा तुकडा खात बसले असताना, तिनं वैजयंतीला विचारायला सांगितलं.

ओगावा हसले आणि मग बराच वेळ बोलले. वैजयंती थांबत थांबत सांगत होती. समुद्रकाठी एक गाव आहे, सगळं टॉवेलचं. तिथं यांचा कारखाना होता, वडिलांचा, चोवीस मागांचा. यांचा देश आधी कापड विकायचा. मग कापड विणायची यंत्रं विकायला लागला, कारण त्यात जास्त सुटायचं. यंत्रं ज्यांना विकली, त्यांच्याकडून कापड विकत घ्यायला लागला, कारण ते स्वस्त पडायचं. यात कुणी चूक केली असं नाही, ते म्हणाले. गावातले माग एकेक करून बंद पडले. बाहेरून आलेली खोकी ते मुद्दाम विकत आणायचे आणि रोज उघडून बसायचे. चुका शोधायच्या म्हणून. चूक दाखवता आली तर दुकानदार परत आपल्याकडं येईल असं वाटायचं. चिनी मालात चुका सापडायच्या. व्हिएतनामच्या मालात सापडायच्या.

“मग एक खोकं भारतातून आलं,” वैजयंती म्हणाली. “ते म्हणतात, त्यांनी ते दोन दिवस तपासलं. एकही चूक नव्हती. आत सात नंबरची चिठ्ठी होती. त्या वर्षी त्यांनी कारखाना बंद केला.”

सिद्धेश्वरीनं हातातला पेला खाली ठेवला. तिनं हलक्या आवाजात वैजयंतीला विचारलं, “आता मी काय म्हणायचं ह्यांस्नी?” वैजयंती म्हणाली, काही म्हणायला नको अक्का, ते रागावलेले नाहीत. आणि खरंच, ओगावा रागावलेले नव्हते. त्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा चटणीत घोळवला, खाल्ला, आणि टॉवेलाच्या कोपऱ्याची दुमड जरा सैल येतेय असं सांगितलं. पण सिद्धेश्वरी त्या दिवशी घरी गेली ती वेगळीच होऊन. नवरा गुरुलिंग बाजार समितीतून येऊन चहा पीत बसला होता, त्याला तिनं सांगितलं, तर तो म्हणाला की तुझ्या कामाची ही केवढी तारीफ झाली. तारीफच होती. तिला ते पटवून घेता येईना. आपण आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही असं ती धरून चालली होती. भांडण नाही, चोरी नाही, चुगली नाही. आणि चार समुद्रांपलीकडं एका माणसाचे चोवीस माग आपण नुसते नीट बघून बंद पाडले. चार खडे डाळीत राहू दिले असते तर तो माणूस अजून विणत बसला असता. पुढं कित्येक दिवस टॉवेल हातात घेतला की तिला वाटायचं, हा कुणाचा. चूक दिसली की बाजूला काढताना हात थबकायचा, आणि मग ती काढायचीच, कारण दुसरं काही तिला येत नव्हतं.

त्या मंगळवारी पावणेबारापर्यंत अठराशे टॉवेल यंत्रातून उभे काढून झाले. पट्ट्यावरून एकेक जात होता आणि यंत्र गप्प होतं. आता आडवे काढायचे म्हणजे आणखी दीड तास, मग घड्या, मग परत पुडे, दोनच्या आत ते होण्यासारखं नव्हतं. मालकांचा मुलगा इंद्रजीत, आता सगळा कारभार तोच बघायचा, केबिनमधून खाली आला. तो वाईट माणूस नव्हता. तिला लहानपणापासून अक्का म्हणायचा आणि कधी आवाज चढवून बोलला नव्हता. त्यानं तिला बाजूला, सुताच्या कोनांच्या गठ्ठ्यामागं नेलं.

“अक्का, यंत्रानं पास केलाय की माल.”

“एकाच अंगानं केलाय, साहेब.”

मग त्यानं जे तिला कळवायचं ठरवलं नव्हतं ते सांगितलं. हा लॉट गेला की पुढचे दोन छोटे लॉट आहेत, आणि मग नाही. जपानच्या कंपनीनं व्हिएतनाममध्ये स्वतःचाच भागीदारीतला कारखाना उभा केलाय. तिकडून बोट आठवड्यात पोचते, इथून महिना लागतो. त्यातून जपानचं चलन पडलंय, बाहेरचं सगळंच त्यांना महाग झालंय, आणि टॉवेल घेणारी म्हातारी माणसं वारतायत, मागं पोरं नाहीत. तो हे सगळं असं सांगत होता की जणू तिला बातम्या ऐकवतोय. मग म्हणाला की आजची गाडी चुकून बोट चुकली तर ते लोक लॉट घेणार नाहीत आणि उरलेले दोनही रद्द करतील. वाटच बघतायत ते. म्हणजे जपान सेक्शनच्या चाळीस बाया या आठवड्यातच घरी. आजचा माल गेला, तर तीन महिने तरी निघतील.

“त्या टोकाचं काय करू?” तिनं विचारलं.

“वहीत सुई पुरी दिसली पाहिजे,” तो म्हणाला, आणि खाली बघत राहिला.

गठ्ठ्याच्या आडून तिला खोली दिसत होती. चाळीस बाया मशीनं बंद ठेवून बसल्या होत्या, आणि मायाक्का अजून केस मोकळे सोडून फरशीवर उकिडवी बसून चुंबक फिरवत होती, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. सिद्धेश्वरीला वाटलं, हा माणूस खोटं बोलत असेल तर बरं. पण तो खोटं बोलत नव्हता. कुणीच खोटं बोलत नव्हतं. ओगावांनीही खोटं सांगितलं नव्हतं, आणि व्हिएतनाममध्ये कुठंतरी उजेडाकडं तोंड करून एक बाई बसली असेल, तीही खरंच नीट बघत असेल. चिडायला माणूसच सापडेना. तिला एकदम फार दमल्यासारखं झालं.

ती टेबलाशी गेली. निळ्या पाकिटातून तिनं एक नवी सुई घेतली, पक्कड घेतली, आणि टोक तोडलं. फार बारीक आवाज झाला, शेंग मोडावी तसा. तोडलेलं टोक तिनं मायाक्काच्या दोन तुकड्यांपुढं ठेवलं. ते जुळत नव्हतं. तुटलेल्या कडा वेगळ्या होत्या, आणि बघणाऱ्याला ते लगेच दिसलं असतं. पण बघणारी तीच होती. तिनं पट्टी चिकटवली, अंगठ्यानं दाबली, तारीख टाकली, वेळ टाकली. खाली सही केली. मग तिनं मायाक्काला सांगितलं, “सापडलं, ऊठ. केस बांध.” मायाक्कानं कुठं म्हणून विचारलं नाही. ती उठली, भिंतीकडं तोंड करून केस बांधायला लागली, आणि ते काम तिला बराच वेळ पुरलं.

गाडी दोनला नाही, अडीचला गेली. त्यानंतर सिद्धेश्वरी तक्रारीची वाट बघायला लागली. बोटीला महिना, उतरायला आठवडा, दुकानात जायला आणखी आठवडा, असा हिशेब तिनं मनात धरला होता. भाकरी थापताना, रिक्षात बसल्यावर, ती मनानं त्या टोकामागून जायची. कुणीतरी न्हाऊन येतं, टॉवेल तोंडाला लावतं. कधी ते म्हातारं माणूस असायचं, कधी बाळ. बाळ आलं की ती हातातलं काम टाकून उभी राहायची. गुरुलिंगनं एकदा विचारलं, काय होतंय तुला. ती म्हणाली, डोळ्यांत कायतरी खुपतंय. तिनं त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता की टोक टॉवेलात नसेलच, फटीत कुठं पडलं असेल. तसं असूही शकत होतं. तिला भीती होती, पण त्याहून खोल कुठंतरी तिला तक्रार यायला हवी होती. कुणाच्यातरी बोटाला ते टोचावं, फोटो यावा, पत्र यावं, वही मागवावी, कडा जुळत नाहीत हे तिकडं कुणाच्यातरी नजरेस यावं. एवढं बघणारं अजून कुणीतरी तिकडं आहे, हे तरी कळलं असतं.

तक्रार आली नाही. उरलेले दोन लॉट आधी लांबले आणि मग रद्दच झाले. तीन महिने म्हटले होते ते पाच आठवडे निघाले. बाया गेल्या. कुणी विडीच्या कारखान्यात, कुणी मोडनिंबला भावाकडं, मायाक्का एका शाळेत खिचडी शिजवायला. सुई शोधणारं यंत्र ताडपत्रीखाली गेलं. सिद्धेश्वरीला इंद्रजीतनं ठेवून घेतलं, गोदामात, परराज्यातून येणाऱ्या मऊ ब्लँकेटांवर चिठ्ठ्या लावायच्या कामाला. त्या ब्लँकेटांत बघण्यासारखं काही नव्हतं. जूनमध्ये तिनं न राहवून त्याला विचारलं, तेव्हा त्यानं सहज सांगितलं की तो फेब्रुवारीचा माल अजून तिकडच्या बंदराजवळच्या गोदामातच आहे. खोकी फोडलेलीच नाहीत. तिकडं उठाव नाही. आता तो तिसऱ्याच कुठल्यातरी देशाला वजनावर देऊन टाकतील. आणि ओगावा मार्चमध्ये निवृत्त झाले. तिनं बरं म्हटलं आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढं ओढला. त्या दिवशी दुपारभर तिच्या हातांनी काम केलं, पण ती त्यात नव्हती. आपल्या हातून चोरी झाली होती, आणि ज्याच्या घरात झाली त्याला घर उघडायचंच नव्हतं.

जुलैत एका सकाळी इंद्रजीतनं तिला केबिनमध्ये बोलावलं. तिकडच्या कंपनीची विनंती होती. व्हिएतनामच्या नव्या कारखान्यातल्या तपासणीच्या बायांना वही कशी ठेवायची ते दाखवायचं होतं. ओगावा जाताना सांगून गेले होते की सोलापूरच्या बाईकडून शिका. तो म्हणाला, नको वाटत असेल तर नको अक्का, मी कळवतो त्यांना. ती म्हणाली, दाखवते की. साडी नीट करून ती लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावर पांढऱ्या खोलीत आठ बाया होत्या, सगळ्यांच्या डोक्याला निळ्या टोप्या, सगळ्या तरण्या. एक दुभाषी मुलगी इंग्रजीतून विचारायची, इंद्रजीत मराठीतून सांगायचा, आणि सिद्धेश्वरीचं बोलणं परत तसंच दोन भाषा ओलांडून जायचं. तिनं सुई धरून दाखवली, तुकडे जुळवून दाखवले. पुढच्या ओळीतली एक रुंद चेहऱ्याची बाई टॉवेल चुकीच्या हातात धरत होती. सिद्धेश्वरीनं तिला थांबवलं, हात बदलायला लावला, आणि बाईनं बदलला. तिची नजर चांगली होती. ते पडद्यातूनही कळत होतं, ती टॉवेलाकडं आडवी बघायची.

त्या बाईनं विचारलं, तुकडा सापडलाच नाही तर.

इंद्रजीतनं ते मराठीत सांगितलं आणि तो टेबलावरच्या कागदांकडं बघायला लागला. “सापडल्याबिगर माल हलवायचा न्हाय,” सिद्धेश्वरी म्हणाली. “कुणी कायबी सांगू दे.” त्यानं ते इंग्रजीत सांगितलं. बाईनं वहीत लिहून घेतलं. लिहिताना तिची मान वाकली, टोपीखालून केसांची बट बाहेर आली, आणि सिद्धेश्वरीला तिला काहीतरी सांगावंसं वाटलं. इतकं नीट बघू नको. किंवा, बघ, पण पलीकडं एक माणूस आहे आणि तुझ्यानंतर तुझ्यासारखीच कुणी आहे, हे धरून बघ. तिनं शब्द जुळवून पाहिले, मराठीत, मग कानडीत. त्यातून कुणाचं काही भलं होईल असं एकही वाक्य होईना. ओगावांनी नऊ वर्षं का सांगितलं नव्हतं ते तिला आता समजलं. सांगितल्यावरही त्यांनी दुमड सैल येतेय असंच का म्हटलं, तेही समजलं.

दुभाषी मुलीनं विचारलं, आणखी काही सांगायचंय का. सिद्धेश्वरीनं सांगितलं की खिडकीकडं पाठ करून बसू नका, तोंड करून बसा. ते तिकडं पोचलं. दोघींनी लगेच आपल्या खुर्च्या फिरवल्या. मग रुंद चेहऱ्याच्या त्या बाईनं आणखी एक गोष्ट विचारली, जरा लाजत. शिक्षिकेला विचारावं तशी. इंद्रजीतनं ऐकलं, पण तो मराठीत सांगेना. सिद्धेश्वरी त्याच्याकडं बघत राहिली, तेव्हा त्यानं सांगितलं.

“विचारतीय, तुमच्याकडं आता हे काम कोण बघतं.”

“मीच बघते म्हणावं अजून,” सिद्धेश्वरी म्हणाली.

त्यानं तसं सांगितलं. पलीकडं ते त्यांच्या भाषेत पोचायला थोडा वेळ लागला, आणि मग आठही बाया एकदमच समाधानानं हसल्या, माना लववल्या आणि त्यांनी वह्या मिटल्या.